हर्षालीचे कान

सुकलाल पाटील बोलतो तेव्हा आमच्या अर्ध्या लिंबायत वस्तीला कळतं. बिचाऱ्याचा दोष नाही. उमेदीची सगळी वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेली, कान अधू झाले आणि आवाज चढला तो चढलाच. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. त्याच्याकडे आज भाजी कसली केली, हे मला न विचारता समजतं.

मुलगी हर्षाली नववीत गेली आणि त्या आवाजाला आणखी धार आली. पोरगी हाकेला वळायची नाही. दूध आणायला पाठवली तर पिशवी दुकानातच ठेवून हात हलवत परत यायची. गणित अर्ध्यावर टाकून उठायची आणि सोडवायला बसली होती हेच विसरायची. तिची आई रंजना म्हणायची, आळस भरलाय अंगात. सुकलालचं निदान मात्र ठाम होतं: पोरीला ऐकू येत नाही. लूमवाल्याला दुसरं काय सुचणार? त्याच्या ओळखीतला प्रत्येक जण आधी "हां? काय?" म्हणतो, मग बोलतो. म्हणून तो आणखी जोरात ओरडायचा आणि माझ्या फळीवरची भांडी थरथरायची.

शेवटी एक खाडा करून त्याने तिला सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. झालं, सुकलालचा पारा चढला.

"तुले ऐकू येस, तरी ऐकस नही!" तो तिथेच गरजला.

हर्षाली रडायला लागली. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी बापलेकीला वरच्या मजल्यावर मनोविकार विभागातल्या मॅडमकडे पाठवलं. ती पाटी वाचून आपण जिन्यातूनच परत फिरणार होतो, असं सुकलालने नंतर मला सांगितलं. म्हणजे गल्लीलाच सांगितलं.

मॅडमनी काही वेळा बोलावून, शाळेत विचारपूस करून सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. हिचं लक्ष टिकत नाही आणि ती हे मुद्दाम करत नाही. गोळ्या दिल्या, वर बजावलं: लांबून ओरडू नका. जवळ जा, तिने तुमच्याकडे पाहिलं की एकच गोष्ट सांगा. ती झाली की दुसरी.

आता सुकलाल आणि हळू बोलणं! पहिले काही दिवस त्याने जवळ जाऊन ओरडून पाहिलं. मग त्याला कारखान्यातली रीत आठवली. लूम चालू असताना तिथे तोंड चालवून उपयोग नसतो. खांद्यावर हात ठेवायचा, डोळ्याला डोळा भिडला की खूण करायची. पाण्याची एक, चहाची एक, शेठ आल्याची एक. तो घरीही तेच करू लागला. आधी पुस्तकाची खूण, ते झालं की ताटाची. हर्षालीला गंमत वाटली. तिने आपल्याही खुणा काढल्या. त्यातली एक माझ्यासाठी होती आणि ती काही फार आदराची नव्हती. भिंतीपलीकडे शांतता झाली आणि खरं सांगायचं तर मला करमेना.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळी घ्यायची राहायची, कंपास हरवायचा. रंजनाचा हात उठायचा, मग तीच रडत बसायची. तरी दहावीत पोरगी गणितात पास होऊ लागली.

आणि नेमकं तेव्हाच शाळेतून बोलावणं आलं. वर्गात मधेच उठते, मधेच बोलते, शिक्षकांच्या फार तक्रारी आहेत. तिला काढून घ्या आणि परीक्षेला बाहेरून बसवा, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं. सुकलाल आणि हर्षाली होतेच, रंजनाने मलाही सोबत नेलं. शाळा सुटली की शिक्षण सुटलं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत ज्या मुली बाहेरून बसणार होत्या, त्या आज साड्यांवर खडे चिकटवत बसल्या आहेत.

"पुन्हा तक्रार येणार नाही, याची खात्री देता?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

सुकलालने दवाखान्याचा कागद पुढे केला. पण त्याचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. नुसते ओठ हलले. मग त्याने हात जोडले आणि वाकायलाच निघाला.

हर्षाली पुढे झाली. तिने त्याचे दोन्ही हात धरून वेगळे केले.

"पप्पा, हात नका जोडू. चोरी थोडीच केली मी!" मग ती मुख्याध्यापकांकडे वळली. "सर, खात्री नाही देत. मी चुकणार. पण मला पुढच्या बाकावर बसवा आणि एका वेळी एकच सांगा. विसरले तर परत सांगा. मी पूर्ण करते, सर. मला इथूनच परीक्षा द्यायचीय."

मुख्याध्यापकांनी दवाखान्याचा कागद ओढून घेतला आणि वाचला. मग त्यांनी वर्गशिक्षिका सरलाबाईंना बोलावून सांगितलं, "हिला पहिल्या बाकावर घ्या. आपण करून बघू."

हर्षाली वर्गात गेली. आम्ही व्हरांड्यात आलो. रंजना पदराने डोळे पुसत होती. सुकलाल मात्र आपले हात समोर धरून उभा होता.

"हर्षालीनी माय," तो म्हणाला, "मी आख्खा जनम हात जोडतच ऱ्हायनू. आज पहिल्यांदा कोणी ते धरात."