आठ डेस्कटॉप आणि खंडेनवमी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. आठ जुने डेस्कटॉप, एक हट्टी बाई आणि तिच्याहून हट्टी संस्थाचालक एका आवारात ठेवा, किस्से आपोआप साचतात. सीपीयूच्या पंख्यात धूळ साचते तसे! मी शिरूर अनंतपाळजवळच्या एका मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे, शिकवायचा प्रयत्न करायची.

कारण बटन दाबल्यावर मशीन चालू व्हायला अकरा मिनिटं. आणि तास पस्तीस मिनिटांचा! आतली हार्डडिस्क करकर वाजत राहायची, पडद्यावर चाक गोल फिरत राहायचं. तोवर पोरी हजेरी, फळा पुसणं, एकमेकींच्या वेण्या, सगळं उरकून घ्यायच्या.

एकदा आठवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, हे जागं होईस्तोर डबा खाऊन येऊ का?"

मी म्हटलं, "जा." ती खाऊन, हात धुऊन परत आली. चाक फिरतच होतं!

*

अण्णा आमच्या संस्थेचे सचिव. सत्तरी ओलांडलेली, आवाज अजून खणखणीत. एका सोमवारी लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, ही मशिनं मेली. भंगारात घाला. ही खोली मला ऑफिसला पायजे."

"मेली न्हाईत अण्णा, म्हातारी झालीत."

"मग म्हाताऱ्यायला कशाला पळवायलाव?"

"मागच्या इलेक्शनला तुम्ही गावोगाव पळला नव्हतात का?"

बाहेर उभे असलेले सर लोक एकदम जमिनीकडं बघायला लागले. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "खंडेनवमीला पूजेला येतो. एका मिनिटात चालू करून दाखवा. न्हाई झालं, तर खोली माझी!"

आमच्या पोरी वाड्या-वस्त्यांवरून येतात. कुणाच्या घरी कॉम्प्युटर नाही. माउस पहिल्यांदा हातात धरतात तो याच खोलीत. ती खोली गेली की त्यांचा कॉम्प्युटर संपला. मला असला राग आला होता! एवढंच म्हणाले, "या."

*

तशीच लातूरला गेले. गंजगोलाईच्या मागं सलीमभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हटलं, "भाई, सगळ्यात फास्ट एसएसडी द्या." त्यांनी बोटाएवढी एक पट्टी हातावर ठेवली. नव्या मशिनात हार्डडिस्कच्या जागी असतं ते हेच!

शाळेत येऊन मोठ्या तोऱ्यात कॅबिनेट उघडलं. आमचे शिपाई धोंडूमामा बॅटरी धरून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"मॅडम, हे बसवायचं कुठं?"

कुठंच नाही! एवढ्या जुन्या बोर्डावर त्या पट्टीला खाचच नव्हती. दुसऱ्या दिवशी परत एसटी, परत लातूर.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "आप बोर्ड कितना पुराना है बताए नै, मैं पूछा नै. दोनों की गलती. चाय पिओ." आणि एक कार्ड काढून दिलं. पट्टी कार्डात बसते, कार्ड बोर्डावरच्या लांब खाचेत.

*

बसली! पण पट्टी नुसती दिसायची, मशीन काही तिच्यावरून सुरू होईना. सुरुवातीला मशीनला जागं करणारा आतला प्रोग्राम इतका जुना, की त्याला हे नवं पाहुणं ओळखूच येईना. सलीमभाईंना फोन लावला.

"भाई, दिखता है, मगर उठता नै!"

"बुड्ढा है ना मॅडम! पीछे एक छोटा पेनड्राइव लगा के छोड़ो. काठी टेक के उठेगा, फिर घोड़े जैसा दौड़ेगा."

नव्या पट्टीची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकला, पेनड्राइव्ह मागं खोचला, बटन दाबलं. एकोणीस सेकंद! पोरींनी टाळ्या वाजवल्या. फक्त मागच्या बाकावरची एक रुसून म्हणाली, "मग आता वेणी कधी घालायची?"

बाकीच्या सात पट्ट्या, त्यांची कार्डं आणि पेनड्राइव्ह शाळा शिकून गेलेल्या पोरींनी मिळून घेऊन दिले.

*

धोंडूमामा देवणीकडचे. खडूचा तुकडासुद्धा कुलपात ठेवणारा माणूस. खंडेनवमी आठवड्यावर आली आणि एका सकाळी आठही मशिनं ठप्प! एक कॅबिनेट उघडलं, दुसरं उघडलं. चौथ्याला मामा आले.

"मॅडम, काय हुडकायलाव?"

"मामा, एकपण चालू होईना हो!"

"होतील की. पोरी त्या बारक्या कांड्या मागं तशाच इसरून गेल्त्या. म्या काढून कपाटात ठिवल्या. चोरी झाली असती म्हंजे?"

मी प्रत्येक पेनड्राइव्हवर "काढू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. त्याखाली मामांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "काढणाऱ्याला मामाची शपथ."

*

खंडेनवमीला आमच्याकडं विळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा. अण्णा दहाला आले. आधी आवारात स्वतःच्या जीपला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग लॅबमध्ये आठही मशिनांना हळदकुंकू वाहिलं, जीपची किल्लीही ताटात ठेवून पुजली. आठ पोरी आठ बटनांवर बोट ठेवून उभ्या.

"थांबा!" अण्णा म्हणाले. "पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवत न्हाईत. आज नांगर तरी कोण धरतंय का? आता हे आज चालू होत न्हाई. मुदत आजची. खोली माझी!"

पोरींची तोंडं उतरली. माझं डोकंच फिरलं.

"बरोबर आहे अण्णा," मी म्हटलं. "मग तुम्ही घरी पायी जा."

"का म्हून?"

"जीप आत्ताच पुजलीत की! सहा किलोमीटर तर आहे."

एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळ्याच. अण्णांनी खिडकीतून जीपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"दाबा बटन."

घड्याळ बघायला अण्णांनी खिशातून चष्मा काढला. डोळ्यांवर चढवून मान वर केली, तर आठही पडदे उजळलेले. ते एकेका मशिनापुढं थांबत शेवटपर्यंत गेले.

"खोली राहू द्या पोरींला," म्हणाले आणि बाहेर पडले. जीपजवळून गेले, पण थांबले नाहीत. फाटक ओलांडून रस्त्याला लागले.

धोंडूमामा ताटातली किल्ली घेऊन मागं पळाले. "अण्णा! किल्ली राहिली!"

अण्णांनी वळूनही पाहिलं नाही. "असू दे. पूजेतली हाय ती. उद्या नेतो."