कुंडीतल्या आवळ्याखालची पंगत

मालतीकाकू गेल्या त्याच्या आदल्या रविवारी मी भेटायला गेलो, तर रोशनी त्यांचं ब्लडप्रेशर मोजत होती आणि काकू तिला म्हणत होत्या, "जरा कमी सांग गं, हा विनू उगाच घाबरतो." नर्सिंगला असलेली ही मुलगी आमच्या नात्यातली नव्हे. इंदूरला अन्नपूर्णा भागात काकूंच्या घरी खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या सिंधी कुटुंबातली ती थोरली. पाकिस्तानातून आईच्या कडेवर बसून आली. व्हिसा संपला, वडिलांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला, आणि मग वर्षानुवर्षं नुसतं 'बघू'... बारावीला उत्तम मार्क पडले, पण कागद नाहीत म्हणून कॉलेजनं परत पाठवलं.

काका गेल्यापासून काकूंना माणसं गोळा करायची भारी हौस. दर कार्तिकात आमचं अख्खं खानदान बेटम्याच्या शेतावर आवळीभोजनाला जायचं, आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसायची. कॉलेजनं परत पाठवलं त्या वर्षी काकूंनी रोशनीलाही गाडीत कोंबलं. तिला काही विचारावं, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. धार रोडला लागलो तशी ती रडकुंडीला आली. "आजी, मुझे उतार दो. शहर के बाहर जाने की परमिशन नहीं है. पकड़े गए तो पापा का केस अटक जाएगा."

काकू म्हणाल्या, "विनू, गाडी पलटव. दाल-बाफले काय बेटम्यातच शिजतात?"

वाटेत नर्सरीतून आवळ्याचं रोप घेतलं. गच्चीवर कुंडी आणि कुंडीभोवती आम्ही सगळे... झाड गुडघ्याएवढं, त्याच्या 'खाली' जेवलो असं म्हणायला जीभ रेटेना. बेटम्याचे भाऊबंद रुसले. काकूंनी ठणकावून सांगितलं, पोरीचं काम होईपर्यंत पंगत इथेच. पुढच्या वर्षी रुसलेलेही तुपाचा डबा घेऊन हजर झाले.

काकूंचा राग मात्र निवला नाही. मत मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी चहा पाजून सुनावलं, "भैयाजी, माँ की गोद में आई बच्ची ने कौनसा कानून तोड़ा? पहले ये सुधारो, फिर वोट की बात." माझंही तेच म्हणणं आहे. इथेच वाढलेल्या मुलांना ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावं, अर्ज पडून आहे म्हणून त्यांचं शिक्षण अडू नये, एवढा कायदा सोपा करणं अवघड नसावं. रोशनीची धाकटी बहीण हेमा अजून वाट पाहतेच आहे.

रोशनीला नागरिकत्व मिळालं तेव्हा काकू माहेश्वरी नेसून कलेक्टर कचेरीत गेल्या होत्या. घरी येऊन साऱ्या गल्लीला जिलेबी वाटली. इतक्या खूश त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. मग रोशनीचं कॉलेज सुरू झालं, मागोमाग काकूंचं आजारपण आलं, आणि पोरीचं शहराबाहेर जाणं राहूनच गेलं.

अस्थी घेऊन ओंकारेश्वरला निघालो, तेव्हा गाडी मी चालवत होतो. कलश रोशनीच्या मांडीवर होता. सिमरोलचा घाट उतरलो, बडवाह आलं. मी म्हणालो, "रोशनी, इंदूर केव्हाच मागे पडलं."

तिनं कलश दोन्ही हातांनी जवळ घेतला.

"अच्छा?" ती म्हणाली. "आजी के साथ पता ही नहीं चला."