पाळण्याला मोटर

१९६० सालच्या चोवीस डिसेंबरला, संध्याकाळची उपासना सुरू व्हायच्या ऐन आधी, आमच्या माडीवर राहणाऱ्या मास्तरांच्या हातातली, गाणाऱ्यांना लय दाखवायची काठी काढून घेण्यात आली. तारीख मुद्दाम लिहितो आहे, कारण आपले लोक अन्याय लवकर विसरतात. त्यावर केक मिळाला तर फारच लवकर.

मास्तरांइतका सावकाश माणूस बंगळुरात दुसरा नव्हता. मूळचे नगरकडचे, इथे एका कारखान्यात नकाशे काढणारे, आणि रविवारी छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे गायकवृंद-प्रमुख. चामराजपेटेतून सुटणारी प्रत्येक बस ते तत्त्व म्हणून चुकवत. धावत्या बसकडे बघून ते म्हणत, "हिला सम कुठे आहे ते माहीत नाही, आपण कशाला चढायचं?" त्यांचा चहा निवत असे, आमची आई त्यांना "मास्तर, स्वल्प लवकर!" म्हणत असे, आणि मास्तर कानडीत "सरी, अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणून आणखी हळू होत. मी स्वतः देवाधर्माशी फटकून असलेला, कामगारांची पत्रकं लिहिणारा माणूस. पण एकदा गल्लीच्या तोंडाशी घोषणा देऊन घरी आलो, तर जिन्यात मास्तर उभे. "पुढारी, मागणी काय होती ते मला कळलं नाही, पण वरचा षड्ज सुरेख लागला. रविवारी या." गेलो. क्रांतीच्या कामाला घसा तयार राहील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे एकच गीत महत्त्वाचं. मूळ विलायती, चार आवाजांचं. मास्तरांनी मराठीत आणलेलं. गोठ्यातल्या बाळासाठी अंगाई. लय ठरवायला इतर ठिकाणी म्हणे टिकटिक करणारं यंत्र असतं. मास्तरांनी आमच्या आईकडून पाळणा मागून नेला, ज्यात मीही एके काळी रडलो होतो तोच. मंडळीच्या देवळाजवळच्या तालमीच्या खोलीत तो तुळईला टांगला, बारशाला ठेवतात तसा आत आईचाच वरवंटा ठेवला, आणि मनासारखा झोका मिळेपर्यंत तास तास दोरी लांब केली. मग पेटीवर पांढरी चार धरून म्हणाले, "इकडून तिकडे एक ओळ. बाळ आत्ताच झोपलंय. ज्याच्या आवाजाने उठेल, त्यानेच ते कडेवर घेऊन फिरायचं." डिसेंबरभर आई वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडे, "मास्तर, बाळ झोपलं असेल तर वरवंटा परत आणा, चटणी वाटायचीय!"

मग मंडळीचे चिटणीस प्रगती घेऊन आले. प्रगती एका ग्रामोफोनमध्ये मावली होती. त्यांनी त्याच गीताची विलायती तबकडी लावली. गीत टांग्याच्या घोड्यासारखं सुटलं, तेही अर्धा स्वर वर, काळी तीनमध्ये.

"ऐकलंत? हा खरा वेग, हा खरा स्वर," चिटणीस म्हणाले. "तुमच्या गाण्यात लोक पेंगतात, मास्तर."

"अंगाई आहे हो," मास्तर म्हणाले. "पेंगले तर जमलं म्हणायचं."

मग शांतपणे उठून त्यांनी ग्रामोफोनचा वेगाचा स्क्रू जरासा फिरवला. जास्तच जलद फिरणारी तबकडी सावरली, आणि स्वर आपसूक उतरून पांढरी चारवर येऊन बसला. आपल्या डोळ्यांदेखत खऱ्या-खोट्याचा निवाडा झाला, असं मला वाटलं. मी भोळा! चिटणीस किंचाळले, "चालतं यंत्र बिघडवलंत!" आणि स्क्रू पुन्हा होता तिथे नेला. मंडळीच्या कमिटीने एकमताने यंत्रावर विश्वास ठेवला.

"पाळण्याला मोटर लावता होय?" मास्तरांनी एवढंच विचारलं.

चोवीस तारखेला पाळणा व्हरांड्यात काढून ठेवलेला होता. देवळात बारसं नको म्हणून. काठी चिटणिसांच्या भाच्याकडे गेली. मास्तर शेवटच्या बाकावर बसले. गीत सुरू झालं आणि म्हाताऱ्या बायका गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहीपर्यंत अर्धं संपलंही. काळी तीनचा वरचा स्वर ऐकून एका बाईच्या मांडीवरचं खरं तान्हं मूल जागं झालं आणि त्याने कमिटीचा जो निषेध केला, तसा मला आजवर कुठल्याही पत्रकात जमलेला नाही. गाणं संपलं, लोक बसले. मास्तरांचा हात मात्र गुडघ्यावर इकडून तिकडे झुलतच होता. त्यांचं दुसरं कडवं चाललं होतं.

तक्रार त्यांनी केली नाही. पाळणा गुपचूप आमच्या घरी परत आणून ठेवला, वरवंटा धुऊन दिला. आता आईला तो केव्हाही मिळतो, आणि चटणी वाटता वाटता ती मध्येच थांबून वर बघते. पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. गेले काही महिने मास्तर सकाळी भराभर जिना उतरतात, कोपऱ्यापर्यंत धावतात आणि बस पकडतात. रोज. चहासुद्धा गरम पितात.

म्हणून वाचकहो, हळहळू नका; तुमच्या हळहळीला सध्या काही काम नाही. या डिसेंबरच्या चोवीस तारखेला उपासनेआधी तासभर या. पाळणा मी खांद्यावर घालून आणतो आहे, आईने वरवंटा दिला आहे. कमिटी अडवील, तुम्ही दोरी धरा. काठी मास्तरांच्या हातात पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आणि ती पडली, की हळू गा.