वायरीची ओळख

चाळिशी उलटली तरी तिला सगळे बारकीच म्हणायचे. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत यंत्रावर भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची, हे तिचं काम. घरी मोठा भाऊ आणि वहिनी.

दादा क्रेन चालवायचा. अपघातात मानेला मार बसला आणि हातांतली ताकद गेली. राहिले दोन अंगठे आणि तोंडाचा पट्टा. माऊस त्याला धरवेना, म्हणून बारकीने जुन्या बाजारातून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आणला. त्याच्या दोन छोट्या दांड्या अंगठ्यांनी फिरवल्या की पडद्यावरचा बाण हलायचा. पण तो वायरीशिवाय कॉम्प्युटरला काही केल्या जोडला जाईना.

कॉम्प्युटरवर ब्लूटूथचं जे सॉफ्टवेअर होतं ते फुकटातलं, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं. त्यात असे कंट्रोलर जोडून देणारा एक छोटा भाग होता आणि त्याला कोणी वाली नव्हता. प्रोग्रॅमिंग बारकी स्वतःच पुस्तकं वाचून शिकली होती. तिने चूक हुडकली, दुरुस्त करून पाठवली. मग दुसरी, मग तिसरी. लोक तिलाच विचारायला लागले आणि बघता बघता तो अख्खा भाग तिच्या गळ्यात पडला. वहिनी कौतुकाने सांगत सुटली, "आमची नणंद जोड्या जुळवते." दोन शेजारणी मुलींचे फोटो घेऊन आल्या, तेव्हा कुठे बारकीने खुलासा केला.

अशी काही वर्षं गेली. मग सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाने तिला कळवलं, की या भागात मोठं भगदाड आहे. जुन्या कंट्रोलरना गुप्त खूण सांगता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्यांना न विचारताच आत घेतं. त्याचा फायदा घेऊन कोणीही "मी कंट्रोलर" म्हणत आत शिरेल आणि कीबोर्ड बनून हवं ते टाईप करेल.

बारकीला ते पटेना. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसली. थोड्याच वेळात आतून दादा ओरडला, "अगं बारके, हे आपोआप लिहायला लागलंय! माझंच नाव लिहितंय!"

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मीच लिहिलं ते. जिन्यातून."

"म्हणजे कोणालाही जमेल?"

"जवळपास उभं राहणाऱ्या कोणालाही."

"मग बंद कर की."

"बंद केलं तर तुझा कंट्रोलरही बंद पडेल, दादा."

दादाने दांड्यांवरचे अंगठे काढून घेतले. "माझ्या एकट्यासाठी लोकांची दारं सताड उघडी ठेवणार का तू? आण ती वायर."

तिने सॉफ्टवेअरमधलं ते दार बंद केलं. ज्यांचे खेळ मोडले त्यांनी तिला धारेवर धरलं. पण तिच्या जिव्हारी लागलं ते दादाचं गप्प बसणं. वायर आखूड होती, त्यामुळे त्याची खुर्ची खिडकीपाशी नेता येईना. एकदा वहिनी वायरीत पाय अडकून धडपडली. एरवी चहा गार झाला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, वायरीबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

एका संध्याकाळी त्याच्या मांडीवर कंट्रोलर ठेवून वायर खोचताना बारकी थबकली. वायर लागली की कंट्रोलर आणि कॉम्प्युटर एकमेकांना आपला पत्ता, म्हणजे ज्याचा त्याचा ओळख क्रमांक, सांगतात. आणि वायर लावायला घरात यावं लागतं. जिन्यातल्या माणसाला ते कसं जमणार?

तिने नव्याने लिहायला घेतलं. एकदा वायरीने ओळख झाली असेल त्यालाच पुढे वायरीशिवाय आत घ्यायचं, तेही घरच्या माणसाने पडद्यावर होकार दिला तरच. आणि आत आल्यावर फक्त कंट्रोलर म्हणूनच वागू द्यायचं, कीबोर्ड होऊ द्यायचं नाही. बरोबरच्या मंडळींनी लगेच शंका काढली, की पत्त्याची नक्कल करता येते. बारकीने ते नाकारलं नाही. "येते," तिने लिहिलं, "पण नक्कल करणाऱ्याच्या हाती फार तर खेळ लागेल, टायपिंग नाही." बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तिची दुरुस्ती घेतली गेली.

दादाची खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. पण स्वस्तातले नकली कंट्रोलर आपला पत्ता धड सांगतच नव्हते. त्यांच्यासाठी बारकीकडे उपाय नव्हता. ते वायरीलाच राहिले. त्यांच्या मालकांना ती एकेकाला उत्तर लिहीत बसे. एकाने तर तिची खरडपट्टीच काढली.

"कोण एवढा तापलाय?" दादाने विचारलं.

"ज्याचा जोडून देता आला नाही तो."

"मग तापणारच. मीही तापलो असतो."

"तू कुठे तापलास? तोंड शिवून बसला होतास."

दादा ओशाळला. "तू आधीच अर्धी झाली होतीस. त्यात आणखी मी कुठे..." वाक्य तिथेच टाकून तो म्हणाला, "तसले नकली दोन-चार आणून दे मला. दिवसभर दुसरं काय काम आहे? काय काय बिघडतं ते तरी सांगतो."

तिने आणून दिले. आठवडाभराने, दुकानात जेवणाच्या सुट्टीत, तिला सॉफ्टवेअरच्या तक्रारींत एक नवी तक्रार दिसली. अंगठ्यांनी एकेक अक्षर निवडून लिहिलेली, कानामात्रा जागच्या जागी नसलेली. डावी दांडी वर केली की बाण खाली जातो, असं त्यात होतं. आणि खाली, 'लवकर बघावे.'

बारकीने डबा बाजूला सारला आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिलाच प्रश्न विचारला, कंट्रोलर नेमका कोणता?