हंसाचा ढावलो

आमच्या बंजाऱ्याच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली का ढावलो म्हनाची रीत हाय. नवरीनं मायच्या गळ्यात पडून रडत रडत गाचं, मायनं तिच्यासंगं सूर धराचा. रडनं न् गानं एकच. तांड्यातल्या साऱ्या पोरीले ढावलो शिकवला माह्या धाकट्या जावेनं, हंसानं. काय आवाज होता बाप्पा! पन बाई मोठी हेकेखोर. आमचं रोज वाजे, तरी एकमेकीबिगर जेवत नव्हतो.

एका हिवाळ्यात कापूस येचताना ती खदखदा हसली, तं खालच्या दाढेवर मले पांढरा ठिपका दिसला, खडू लागल्यावानी. बोटानं घासला, गेला नाई. पुढं थो भुरा पडला. मटक्यातलं पानी पेली का गाल धरे, गूळ खाल्ला का डोळ्यात पानी. भाकर एकाच बाजूनं चावे. म्या इचारलं तं म्हने, "कायले तोंडात पाहून राह्यली? मी का बजारातला बैल हाय?"

आता सांगा! आमचे बापदादे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरले. दात पाह्यल्याबिगर कोनी बैल घेतला नाई. घरच्या बाईच्या तोंडात कोनं पाह्यलं?

दाढ ठनकली का हंसा जळालेला तमाखू दाबे. ठनका थांबला का म्हने, "पाह्य, बरी झाली." कायची बरी! आतून पोखरनं चालूच होतं.

दिग्रसच्या बजाराच्या दिवशी म्या तिले ओढत वामनराव डाक्तराकडे नेलं. थो म्हने, "आतून सडली बाई. आजच काढा. पू खाली उतरला तं गळा धरते."

हंसा उठलीच. तिच्या एकुलत्या पोरीचं, जमनीचं, लगन ठरलं होतं. "दाढ गेली का हवा निघते, सूर फाटते. माह्या पोरीचा ढावलो होऊ दे, मंग काढा."

म्या दाताच्या कन्या केल्या. नाई म्हनजे नाई.

महाराष्ट्र झाला, त्याच उन्हाळ्यात लगन लागलं. सकाळीच हंसाचा गाल सुजला, तं तिनं ओढनी पुढं ओढली. ढावलो सुरू झाला. जमनीच्या गळ्यात पडून ती अशी रडली, अशी रडली का सारा तांडा कळवळला. आवाज घोगरा येत होता, थुंकी गिळवत नव्हती. बाया म्हने, "माय असावी तं अशी!" मीही रडली. मले वाटलं, पोरीसाठीच रडून राह्यली.

वरात गेल्यावर ओढनी सारली, तं हनवटीखाली सारं फुगून टनक झालेलं. तोंड उघडेना. "हंसा, बोल ना वं!" तिले बोलताच येईना. तिच्या नवऱ्यानं, खेमसिंगनं, छकडा जुंपला. वाटभर तिनं माहा हात घट्ट धरला होता. दिग्रस दिसाच्या आधीच थो ढिला पडला.

मातीले आलेली जमनी घरीच थांबली. म्या बळंच भाकर वाढली. तिनं घास एका बाजूले सारला, पानी पेली न् गाल धरला.

"काय झालं वं?"

"काई नाई, मोटी याडी." आमच्यात मोठ्या मायले असंच म्हनतात.

म्या तिची हनवटी धरून उजेडाकडे फिरवली. "तोंड उघड."

"मी का बजारातला बैल हाय?"

"उघड म्हनते ना, नाईतं थोबाडीत देईन!"

उघडलं तिनं. दाढेत सुईच्या टोकाएवढं काळं होतं. म्या बाहेर खेमसिंगले आवाज देला, "भाऊजी, छकडा जुंपा. आत्ताच!"