अंतोनीचं तोंड भिताडाकडं

त्या सकाळी घरात मी, नव्वदीला टेकलेली माझी सासू, बाळंतीण सून, तिची दोन महिन्यांची लेक अन् पाटावर संत अंतोनी, एवढे होतो. शेळी पण आमच्यातलीच, पण ती नव्हती. म्हणून तर सांगते.

आमची वस्ती चांदवडकडं. ख्रिस्ती घरं थोडी. अंतोनीच्या सणाआधी त्याची मूर्ती घरोघर फिरवतात, शेवटची रात आमच्याकडं होती. मालक कोरोनात गेले, पोरगा सुरतेला कामाला. सुनेला दूध उतरंना, नात शेळीच्या दुधावर. अन् सणाच्या सकाळी बघते तर खुंट्याला नुसतं दावं.

हरवलेलं अंतोनी शोधून देतो, हे आमच्यात बारकं पोर पण सांगतं. सासूनं आख्खी जपमाळ केली. शेळी नाय. मग उठली अन् मूर्तीचं तोंड भिताडाकडं केलं.

"आत्याबाई, आज त्याचा सण हाय!"

"मग आज तरी कामाला लागंल."

तेवढ्यात मूर्ती न्यायला बँड घेऊन मंडळी दारात. फादर आत आले, संताची पाठ बघून थबकले.

"आजी, हे काय?"

"शेळी आली का वळवते."

"अहो, चर्चमध्ये सणाची मिस्सा खोळंबलीय!"

"माझी पणती पण खोळंबलीय."

नात रडून लालबुंद झालेली. मी साखरेचं पाणी बोटानं चाटवत होते. फादरांनी एकदा तिच्याकडं बघितलं अन् बँडवाल्यांना म्हणले, "चला, शेळी हुडका." ढोलवाला नाल्याकडं पळाला, बाकीचे कांद्याच्या चाळींकडं. पोरीला सुनेकडं देऊन मी चर्चच्या बाजूला हुडकायला निघाले.

चर्चचं दार सताड उघडं. अंतोनीच्या नावानं वाटायच्या पावांची टोपली वेदीपुढं, अन् टोपलीत आमच्या शेळीचं तोंड. फुलांचे हार आधीच संपवलेले. मागच्या खोलीतनं फादरांचं चहाचं पातेलं आणलं, त्यात दूध काढलं अन् तशीच घरी पळाले. पोर प्याली, ढेकर दिला, झोपली.

सासूनं अंतोनीला वळवलं. "सोताच्या घरात बांधून ठेवली व्हय रे? आधी सांगायचं ना!"

त्या वर्षी पाव चिमटीचिमटीनं वाटला. ढोलवाला अजून शेळीला पावनी म्हणतो.

वाचणाऱ्याला एवढंच सांगते. सणाला आमच्याकडं या, पाव खा. निघताना चर्चचं दार ओढून घ्या. कडी घट्ट हाय, जरा जोरात ओढा.