रिमोटची बोली

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत ज्यांच्या घरी रिमोटचा टीव्ही होता, त्यांच्यापैकी एकानंही आमच्या हिच्या मामांचं मोकळ्या मनानं स्वागत केलं असेल, असं मला वाटत नाही. माणूस सोन्यासारखा होता. पण नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत रिमोट म्हणजे देवाच्या खालोखालची वस्तू. लोक तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ठेवायचे. मामा मात्र पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "रिमोट कुठंय तुमचा?" मग पिशवी काढून, वैद्यानं नाडी बघावी तसे मान कलती करून एकेक बटण दाबायचे. खिशात साबणाच्या डबीत बसवलेलं त्यांचं यंत्र असे. बटण दाबलं की डबीवरचे आठ बारीक लाल दिवे कमीजास्त पेटत आणि मामा ते वहीत उतरवून घेत. यजमान हसत उभे राहत, पण नजर मामांच्या अंगठ्यावर असे.

मामा धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत सहायक होते. राहायला देवपुरात, मूळचे साक्रीकडच्या एका खेड्यातले. एरवी बोलणं शहरी. पण एखादी गोष्ट फार मनाला लागली की गावची अहिराणी तोंडात येई. रिमोट म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. बटण दाबलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड लुकलुकतो. दोन लुकलुकींमधली फट आखूड की लांब, एवढंच त्याचं बोलणं. आणि डबीतला चाळीस पायांचा मायक्रोकंट्रोलर ती फट मोजून सांगतो की कोणतं बटण दाबलं. एका कंपनीचं बोलणं दुसरीला कळत नाही. "म्हणजे साक्रीचा माणूस यावलला गेल्यासारखं," ते म्हणत. त्यांच्या घरी चौदा जुने रिमोट होते आणि टीव्ही एकही नव्हता. मामी सांगायच्या, "आमच्याकडे चौदा चमचे आहेत, ताट नाही."

माझ्या मेहुणीची सोयरीक ठरत होती तेव्हाची गोष्ट. बैठकीत देण्याघेण्यावरून सगळे अडून बसले होते. मामा कोपऱ्यात मुलाकडच्यांचा रिमोट आणि आपली वही घेऊन बसलेले. मुलाच्या आजोबांनी शेवटी विचारलं, की मामांचं काय मत आहे. मामांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "जुळतंय. अगदी तंतोतंत जुळतंय." त्या आवाजातली खात्री ऐकून दोन्हीकडचे इतके ओशाळले, की दहा मिनिटांत साखर वाटली गेली. मेहुणीचा संसार उत्तम चालला आहे.

या सगळ्याला आम्ही हसत होतो, ते आमच्या आबांना अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत. आबा म्हणजे माझे वडील. पहूरला सगळी उमर काढलेला, पारावर तासन्‌तास वाद घालणारा माणूस. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. मी शाळेत शिकवायला जाई. घरात ही एकटी. आबा डाव्या हातानं खाटेच्या लोखंडावर टकटक करत, पण स्वयंपाकघरात स्टोव्ह सुरू असला की काही ऐकू येत नसे. एका दुपारी पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवताना ते खाटेवरून पडले. किती वेळ तसेच पडून होते, ते आम्हाला कधीच कळलं नाही. ही कपडे वाळत घालून खाली आली तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी टकटक करणंही सोडलं.

मामा बातमी ऐकून आले आणि पूर्ण दिवस आबांच्या खाटेपाशी नुसते बसून राहिले. आबांच्या डाव्या हातात त्यांनी एकामागून एक रिमोट देऊन बघितले. अंगठा कुठवर पोचतो, किती जोर लावू शकतो. शेवटी एक जाडजूड रिमोट निवडला, वरची पाच बटणं ठेवली आणि बाकीच्यांवर पट्टी चिकटवली. पाणी, पंखा, कूस आणि हाक, अशी चार बटणं त्यांनी वाटून दिली. खाटेसमोर रिमोटचा उजेड टिपणारा डोळा आणि तिथून तार ओढून स्वयंपाकघरात पेटी बसणार होती. आबांनी बटण दाबलं की घंटा वाजणार आणि त्या नावाचा दिवा लागणार. पाचवं बटण मोकळं राहिलं.

हे एका फटक्यात जमलं नाही. प्रोग्राम चुकला की पेटीतली चिप, म्हणजे डबीतल्यासारखाच मायक्रोकंट्रोलर, पुसून कोरी करावी लागे, आणि पुसायचा अतिनील दिवा तंत्रनिकेतनात होता. घरच्या कामाला सरकारी दिवा वापरायला मामा तयार नव्हते. जळगावचं ऊन फुकट आहे, तेही तेच काम करतं, फक्त आठवडा लागतो, असं म्हणून त्यांनी चिप आमच्या गच्चीवर ठेवली. कपाळावर काचेची खिडकी असलेली ती चाळीस पायांची चिप मे महिन्यात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी वाळत पडली. एकदा ती बिबड्यांबरोबर डब्यात गेली आणि डब्यातून शेजाऱ्यांकडे. शेजारच्या अक्का ती चिमट्यात धरून परत घेऊन आल्या आणि हिला म्हणाल्या, की बिबड्या छान झाल्यात, पण त्यात गोम निघाली. तीन रविवार मामा धुळ्याहून एसटीनं आले. एका रविवारी पेटी बसली, तर ट्यूबलाइट लावताच तिच्या लुकलुकीलाच रिमोट समजून ती आपोआप वाजू लागली. आम्ही चार वेळा आबांकडे धावलो आणि चारही वेळा ते शांतपणे आमच्याकडे बघत होते. मामा हिरमुसले नाहीत. एकच खूण लागोपाठ दोनदा आली तरच ऐकायचं, असं त्यांनी चिपला शिकवलं.

मग एका संध्याकाळी 'पाणी'चा दिवा लागला. ही पाणी घेऊन गेली. आबा प्यायले, आणि ही माघारी वळताच त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. असे सात पेले मागवले. तहान नव्हतीच. मागितलं की मिळतं, हे त्यांना पुनःपुन्हा बघायचं होतं. ही सातही वेळा गेली.

पुढं मात्र एक कोडं पडलं. आबा ते मोकळं पाचवं बटण दाबू लागले. मामांनी त्यालाही एक दिवा दिला, नाव काही दिलं नाही. रोज संध्याकाळी तो लागे. आम्ही पाणी द्यायचो, कूस बदलायचो, पंखा लावायचो, आणि आबा डोळे मिटून घ्यायचे. मामा रजा टाकून आले, तीन दिवस राहिले आणि दिवा लागला की वहीत वेळ लिहू लागले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी वही मिटली आणि मला बाहेरच्या खोलीत गाठलं. मी शाळेतून येऊन नेहमीसारखा वर्तमानपत्र उघडून बसलो होतो.

"जवाईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही पेपर मनमा वाचतस. त्यासले ऐकानं शे."

मी उठलो. आबांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागलो. केळीचे भाव, कापसाचे भाव, कुणाची बदली, कुणाचं निधन. मध्येच बघितलं तर आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि हात मात्र पुढं वाच म्हणून खुणावत होता. मामा दारात उभे होते. मी बघितल्यावर ते पेटीचा स्क्रू घट्ट करायला निघून गेले. त्या रात्री त्यांनी पाचव्या दिव्याखाली कागद चिकटवला: पेपर.

आबा त्यानंतर दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मी त्यांच्याशी जितका बोललो, तितका आधीच्या पस्तीस वर्षांत बोललो नसेन. आभार मानायचे ठरवून मी दोनदा देवपूरला गेलो. दोन्ही वेळा मामांनी विषय बदलून नवा रिमोट दाखवला.

आबा गेले तेव्हा मामा तिसऱ्या दिवशी आले. पेटीकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्याजवळ बसले आणि विचारलं, शेवटच्या दिवशी काय वाचलं होतं. मी आठवून सगळं सांगितलं: बाजारभाव, गिरणेचं पाणी, पहूरच्या शाळेच्या नव्या खोल्या. त्यांनी एकही शब्द न गाळता ऐकून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "ऐकीसन गयात."